तापाच्या साथीतली दुसरी चाचणी

एप्रिल २०२२ मध्ये माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर मिळालं आणि त्यातला आकडा वर्तमानपत्रांनी ठळक छापला. २०२०-२१ या वर्षात देशभरात ८५,२६८ जणांना असुरक्षित लैंगिक संबंधांतून एचआयव्हीची लागण झाली; १०,४९८ जणांसह महाराष्ट्र सगळ्यांत पुढे. टाळेबंदीच्या वर्षातही एवढे, असा बातम्यांचा रोख. मला त्याच उत्तरातला आदल्या वर्षाचा आकडा जास्त बोचला. २०१९-२० मध्ये ही संख्या १ लाख ४४ हजारांच्या आसपास होती. म्हणजे एका वर्षात चाळीस टक्क्यांची घट. ज्या रोगावर लस नाही तो बारा महिन्यांत इतका ओसरत नसतो.

हे आकडे मुळात लागण झालेल्यांचे नाहीतच. ते चाचणी केंद्रापर्यंत आलेल्या, रक्त दिलेल्या आणि पॉझिटिव्ह निघालेल्या माणसांचे आहेत. त्यांतल्या कित्येकांना लागण चार-पाच वर्षांपूर्वीच झालेली असते. वर्षभरात खरोखर नव्या लागणी किती झाल्या याचा अंदाज राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, म्हणजे नाको, वेगळा काढते. तो २०१९ साठी सुमारे ६९ हजार होता आणि २०२१ साठी सुमारे ६३ हजार. अंदाजाची पद्धत दर फेरीत थोडी बदलते, तेव्हा हे दोन आकडे शेजारी ठेवताना जपावं. तरी एवढं दिसतं, की विषाणूची चाल थोडीच मंदावली होती आणि त्याला शोधणारे हात मात्र बरेच कमी झाले होते. हजारो माणसं आपल्याला काय झालंय हे न कळता ते वर्ष काढून गेली. त्यांच्या जोडीदारांनाही अर्थातच कळलं नाही.

कारण शोधायला लांब जायला नको. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. एप्रिलमध्ये मुंबईचं नायर रुग्णालय कोविडसाठी राखीव झालं. तिथे एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं, केंद्रही आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत सिव्हिल हॉस्पिटलांची तीच गत. एचआयव्हीची चाचणी आपल्याकडे बहुतांशी याच इमारतींत होते. आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र, या नावाची एक खोली, तिच्यात एक समुपदेशक, एक लॅब टेक्निशियन. दोघेही बहुधा कंत्राटी. साथ आली तशी या दोघांना कोविडच्या कामाला जुंपलं गेलं आणि खोलीला कुलूप लागलं, किंवा ती उघडी असूनही तिच्याकडे जायची कुणाची हिंमत होईना. हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. एड्स, क्षयरोग आणि मलेरियाशी लढण्यासाठीचा ग्लोबल फंड ज्या देशांना पैसा पुरवतो तिथे २०२० मध्ये एचआयव्हीच्या चाचण्या आदल्या वर्षाच्या तुलनेत २२ टक्क्यांनी घटल्या आणि प्रतिबंधाच्या सेवा मिळालेल्यांची संख्या ११ टक्क्यांनी.

यावर एक समंजस वाटणारं उत्तर ठरलेलं असतं. घर पेटलेलं असताना नळाची गळती कोण बघतो? माणसं ऑक्सिजनवाचून तडफडत होती, कर्मचारी मोजके होते; एचआयव्ही काय, दहा वर्षं सावकाश चालणारा आजार, सहा महिने थांबला तर काय बिघडेल. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. साथीच्या काळात एचआयव्हीच्या चाचण्या आणि प्रतिबंध जेमतेम टिकवून धरणं पुरेसं नाही, ते वाढवावे लागतात. आणि ते वाढवण्याचे रस्ते साथच मोकळे करून देते. २०२० ने ते करूनही दिले. आपण त्यांतले अर्धेमुर्धेच चाललो.

आधी 'सावकाश चालणारा आजार' या समजुतीबद्दल. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, अंग ठणकतं, कमालीचा थकवा येतो. मग ते आपोआप जातं आणि पुढची काही वर्षं काहीच जाणवत नाही. त्या सुरुवातीच्या दिवसांत रक्तातला विषाणू शिखरावर असतो आणि दुसऱ्याला लागण होण्याचा धोकाही सर्वांत जास्त. आता हीच लक्षणं घेऊन २०२० च्या जूनमध्ये एखादा तरुण फीव्हर क्लिनिकच्या रांगेत उभा आहे असं समजा. त्याच्या नाकातून स्वॅब घेतला, कोविड निगेटिव्ह आला, पॅरासिटामॉल देऊन त्याला घरी पाठवलं. आपल्या आरोग्ययंत्रणेकडे तापाचे एवढे रुग्ण एका वेळी, एका ठिकाणी, आपण होऊन क्वचितच आले असतील. त्यांच्यातल्या मोजक्यांना हा दुसरा ताप असणार, आणि तो विचारायचं कुणाच्या यादीत नव्हतं.

शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयाने हे विचारलं. आपत्कालीन विभागात कोविडच्या संशयाने आलेल्यांचं रक्त घेतलं जात होतंच. त्याच रक्तावर एचआयव्हीची चाचणी त्यांनी चालू ठेवली. एरवी क्वचितच हाती लागणारे अगदी ताज्या लागणीचे रुग्ण त्यांना त्या काळात नेहमीपेक्षा अधिक सापडले. यात एक तांत्रिक मेख आहे. नुसत्या अँटिबॉडी शोधणारी रॅपिड चाचणी या सुरुवातीच्या दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, कारण अँटिबॉडी अजून तयारच झालेल्या नसतात. विषाणूचा अंशही ओळखणारी, म्हणजे चौथ्या पिढीची चाचणी लागते. म्हणून आपल्या प्रत्येक ताप-दवाखान्यात हे उद्या जमेल असं मी म्हणणार नाही. पण मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांना २०२० मध्येही ते अशक्य नव्हतं. तिथे अडसर यंत्राचा किंवा पैशाचा नव्हता. कोविडची रांग वेगळी आणि एचआयव्हीची खोली वेगळी या आपल्या सवयीचा तो होता.

साथीला एचआयव्हीशी काही देणंघेणं नाही, हाही भ्रमच. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या एका स्त्रीच्या शरीरात कोविडचा विषाणू २१६ दिवस राहिला. तिचा एचआयव्ही आटोक्यात नव्हता, प्रतिकारशक्ती खालावलेली होती, आणि त्या मुक्कामात कोविडच्या विषाणूने तीसहून अधिक बदल स्वतःत घडवले. एचआयव्हीचं प्रभावी औषध लागू पडल्यावर कोविडही गेला. या उदाहरणाचा अर्थ एचआयव्हीग्रस्तांकडे बोट दाखवणं असा काढला गेला तर तो दुष्टपणा ठरेल. औषध चालू असलेल्या बहुसंख्यांच्या बाबतीत असं काही होत नाही. ज्याला आपली लागण माहीतच नाही आणि म्हणून जो औषधावर नाही, त्याला शोधणं हे कोविडशी लढण्याचंच काम होतं, एवढाच त्याचा अर्थ.

खरं तर कोविडने एचआयव्ही कार्यक्रमाकडून उसनवारी भरपूर केली. पुण्याच्या भोसरीतली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था कोविडचे नमुने तपासू लागली. एचआयव्हीचा व्हायरल लोड आणि क्षयरोग तपासणारी यंत्रं कोविडकडे वळवली गेली. गोव्यात तयार होणारं 'ट्रूनॅट' हे क्षयरोगासाठीचं यंत्र तर कोविडच्या काळातच घरोघरी ठाऊक झालं. लोपिनाविर-रिटोनाविर ही एचआयव्हीची गोळी सुरुवातीला कोविडच्या रुग्णांना देऊन पाहिली गेली, आणि तिचा उपयोग होत नाही हे ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीतून जून २०२० मध्ये कळलं. समुपदेशक गेले, लॅब टेक्निशियन गेले. संपर्कातली माणसं शोधायची कशी, वाईट बातमी सांगायची कशी, हे ज्यांना वीस वर्षांच्या सरावाने येत होतं तेच कोविडच्या कामाला उपयोगी पडले. देवाणघेवाण म्हणावी तर घेवाणच दिसते.

तरी एका बाबतीत परतफेड झाली. टाळेबंदीपूर्वी एआरटी घेणाऱ्या बहुतेकांना दर महिन्याला केंद्रात यावं लागे. रोजंदारीचा खाडा, एसटीचं भाडं, रांग, ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती, हे सगळं महिन्याच्या महिन्याला. मार्च २०२० च्या अखेरीस नाकोने राज्यांना कळवलं, की तीन महिन्यांपर्यंतची औषधं एकदम द्या. रुग्ण येऊ शकत नसेल तर घरच्या माणसाच्या हाती द्या, संस्थांमार्फत पोचवा. मग पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनांचे कार्यकर्ते, टीआय, म्हणजे जोखमीच्या गटांसाठीच्या प्रतिबंध प्रकल्पांचे आउटरीच वर्कर पोलिसांना पत्रं दाखवत गावोगावी गोळ्यांच्या बाटल्या पोचवू लागले. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना व्यसनपर्यायी औषध रोज समोर बसवून देण्याची शिस्त होती. त्यांनाही काही दिवसांचे डोस घरी न्यायला मिळाले. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक गणित मांडलं होतं: सहा महिने एआरटीचा पुरवठा खंडित झाला, तर एकट्या सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत पाच लाख जादा मृत्यू होऊ शकतात. तसं घडलं नाही, आणि त्याचं मोठं श्रेय अशाच पोचवापोचवीला आहे. दर महिन्याला केंद्रात येण्याची अट रुग्णाच्या भल्यासाठी आहे असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ती व्यवस्थेच्या हिशेबाच्या सोयीसाठी होती हे टाळेबंदीने आठवडाभरात उघड केलं.

औषधाच्या बाबतीत रुग्णावर जो विश्वास टाकला तो चाचणीच्या बाबतीत टाकायला मात्र आपण धजलो नाही. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने घरच्या घरी करायच्या कोविड चाचणीला मान्यता दिली. किट पुण्याच्या मायलॅबचं, नाव 'कोविसेल्फ', किंमत २५० रुपये. नाकात काडी फिरवायची, पंधरा मिनिटं थांबायचं, मोबाइलच्या ॲपवर फोटो टाकायचा. समुपदेशक नाही, लॅब नाही. पहिली टाळेबंदी लागून सव्वा वर्षही झालं नव्हतं. एचआयव्हीची स्वचाचणी अमेरिकेत २०१२ पासून दुकानात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१६ मध्ये तिची शिफारस केली. मलावी, झांबिया, झिंबाब्वे यांसारख्या देशांनी ती खेडोपाडी नेली. २०२२ पर्यंत गरीब देशांसाठी तिची किंमत एका डॉलरवर आली. एचआयव्हीची स्वस्त औषधं अर्ध्या जगाला पुरवणारा आपला देश त्या काळात मात्र अभ्यासप्रकल्पांतच अडकून होता.

यामागची भीती मी खोटी मानत नाही. कोविड पॉझिटिव्ह आलेला माणूस काही दिवसांनी मोकळा होतो. एचआयव्ही आयुष्यभर सोबत असतो. बंद खोलीत, एकट्याने, दोन रेघा पाहून माणसाने काय करावं? आणि याहून अवघड प्रश्न आहे तो जबरदस्तीचा. स्वतःच्या हाती असलेलं किट दुसऱ्याच्याही हाती जाऊ शकतं. नवरा बायकोला बळजबरीने तपासायला लावेल, सासर नव्या सुनेला, कुंटणखान्याची मालकीण नव्या मुलीला, मुकादम मजुराला. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, चाचणीसाठी समजून-उमजून दिलेली संमती बंधनकारक करतो. पण बंद दाराआड कायदा कितीसा पोचतो?

म्हणूनच मी औषधाच्या दुकानापासून सुरुवात करणार नाही. किट आधी जावं ते पीअर एज्युकेटरच्या पिशवीतून, म्हणजे त्याच वस्तीतल्या, त्याच धंद्यातल्या किंवा त्याच मित्रमंडळातल्या प्रशिक्षित माणसाकडून. हवं असेल तर तो शेजारी बसेल, नको असेल तर फोनवर राहील. किटवर आलेला निकाल अंतिम नसतो, तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री केल्याशिवाय कुणालाही पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, हे तो आधी सांगेल. १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहेच. एवढं केल्यावरही काही ठिकाणी गैरवापर होईल. पण त्याची तुलना आदर्श समुपदेशन केंद्राशी करून भागणार नाही. ती काहीच न होण्याशी करावी लागेल. तालुक्याच्या गावी पुरुषांशी संबंध ठेवणारा मुलगा सिव्हिलच्या त्या खोलीत जात नाही, कारण केसपेपर काढणारा त्याच्याच गल्लीतला असतो. साथ असो वा नसो, तो जात नाही. त्याच्यापर्यंत पोचायचं तर चाचणीला इमारत सोडावी लागेल.

सक्तीचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाऊ. १४ फेब्रुवारी १९८९ ला गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. गुन्हा एवढाच, की त्याने रक्तदान केलं होतं आणि ते रक्त पॉझिटिव्ह निघालं होतं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्हीग्रस्ताला विलग ठेवण्याची तरतूद होती. त्याला क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस एकट्याला डांबलं. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली, वकील आनंद ग्रोव्हर लढले, पण न्यायालयाने कायदा उचलूनच धरला. पुढे डॉमिनिकने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभारली आणि १९९२ मध्ये तो गेला. चाचणीची शिक्षा कोठडी असेल तर चाचणीला कुणी येणार नाही, एवढा धडा देशाच्या एड्स कार्यक्रमाने त्यातून आणि तशा इतर प्रकरणांतून घेतला. संमती, गोपनीयता, समुपदेशन ही आजची चौकट भलेपणातून आलेली नाही. सक्तीने रोग दडतो हे अनुभवाने कळल्यावर ती आली.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात परदेशाहून आलेल्यांच्या हातावर न पुसणाऱ्या शाईचे शिक्के मारले जाऊ लागले. वस्त्यांच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे आले, दारांवर फलक आले. त्या दिवसांत खोकला लपवणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली. एचआयव्हीने शिकवलेलं कोविडच्या वेळी कुणी विचारलं नाही, आणि याचा उलटा परिणामही झाला. आरोग्यखात्याचा माणूस दारात येणं म्हणजे शेजाऱ्यांसमोर नाचक्की, हे नव्याने मनावर ठसलं. ते आउटरीच वर्करला पुढे कितीतरी दिवस नडलं असणार.

आता प्रतिबंधाबद्दल. टाळेबंदीत संबंधच कमी झाले, मग प्रतिबंधाची गरजही कमी, असा एक युक्तिवाद ऐकायला मिळतो. कामाठीपुरा, बुधवार पेठ किंवा सांगलीच्या गोकुळनगरमधल्या बायकांसाठी तो अगदीच फोल आहे. गिऱ्हाईक कमी झालं की भाव पडतो, भाव पडला की कंडोमचा आग्रह धरण्याची ताकद जाते. उपाशी बाईला निरोधाचं पाकीट देणं हा प्रतिबंध नव्हे. २९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की नाकोने ओळखलेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या. महाराष्ट्राने पुढे जाऊन ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये, शाळकरी मुलं असलेल्यांना आणखी २,५०० रुपये देण्याचं ठरवलं. तीस हजारांहून अधिक स्त्रिया त्यात मोजल्या होत्या. माझ्या मते त्या वर्षातला राज्यातला एचआयव्ही प्रतिबंधाचा सर्वांत मोठा निर्णय हाच, जरी तो महिला-बालविकास खात्याच्या नावाने निघाला. आणि तो शक्य झाला याचं कारण, आधारकार्ड नसलेल्या या बायकांची माहिती एड्स कार्यक्रमात काम करणाऱ्या संस्थांकडे होती. ती या बायकांनीच विश्वासाने दिली होती. ज्या कार्यक्रमाला साथीत गौण ठरवलं, त्याच्याच वह्यांवरून शिधा वाटला गेला.

वस्तीतल्या बायकांनाच कार्यकर्त्या करून प्रतिबंध उभारायचा, ही कल्पना आपल्याकडे रुजवणाऱ्यांत सांगलीची 'संग्राम' ही संस्था आहे, तशीच कोलकात्याची सोनागाछीही. सोनागाछी प्रकल्प १९९२ मध्ये सुरू करणारे डॉ. स्मरजित जाना ८ मे २०२१ ला कोविडने गेले. रोगाचा तज्ज्ञ त्या रोगाच्या जोखमीत जगणारी व्यक्तीच असते, हे त्यांचं म्हणणं त्या दोन वर्षांत मुंबईपासून मणिपूरपर्यंत खरं ठरत होतं. सरकारी खोल्या बंद होत्या आणि तज्ज्ञ रस्त्यावर गोळ्या वाटत होते.

साथ ओसरल्यावर काय झालं? जुलै २०२२ मध्ये दिल्लीत नाकोच्या कार्यालयाबाहेर एचआयव्हीसह जगणारी माणसं धरणं धरून बसली. डोल्युटेग्राविरसह काही औषधांचा तुटवडा पडला होता, खरेदीची निविदा रखडली होती, आणि तीन महिन्यांच्या बाटलीची सवय झालेल्यांना काही ठिकाणी मोजक्या दिवसांच्या गोळ्या मोजून दिल्या जात होत्या. धरणं महिन्याहून अधिक काळ चाललं. तीन महिन्यांची औषधं हा हक्क म्हणून लिहून ठेवला असता, तर साठ्याचं नियोजनही त्या हिशेबाने करावं लागलं असतं. ती आणीबाणीतली सवलत राहिली, आणि सवलत कधीही काढून घेता येते.

साथरोग कायदा १८९७ चा, पुण्या-मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. मार्च २०२० मध्ये तोच महाराष्ट्रात लागू झाला, आणि एप्रिलमध्ये केंद्राने वटहुकूम काढून त्यात दुरुस्ती केली: आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा. ती हवीच होती. पण साथ जाहीर झाली की कोणत्या सेवा बंद करता येणार नाहीत, याबद्दल त्या कायद्यात तेव्हाही एक ओळ नव्हती आणि दुरुस्तीनंतरही नाही. माझ्या यादीत चार गोष्टी असतील: आयसीटीसीचा समुपदेशक दुसऱ्या कामाला लावता येणार नाही, एआरटी आणि व्यसनपर्यायी औषध पहिल्याच दिवसापासून किमान तीन महिन्यांचं मिळेल, ताप-दवाखान्यात घेतलेल्या रक्तावर, रुग्णाने संमती दिली तर, एचआयव्हीचीही चाचणी होईल, आणि वस्तीतल्या पीअर कार्यकर्त्याला संचारबंदीचा पास आशाताईच्या पासाबरोबरच मिळेल, मागाहून पत्रं गोळा करत फिरावं लागणार नाही. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीला जिल्हाधिकाऱ्याची सही पुरावी. दुसरीला साठ्याचं नियोजन लागतं आणि तिसरीला पैसे.